अनवाणी मोजणी

इथं आखातात, अल मजाजच्या तळ्याकाठी संध्याकाळी फिरायला गेलो की माझी लेक माझ्या चार पावलं मागे राहते. का, तर माझ्या चालण्याची तिला लाज वाटते. "बाबा, यू वॉक सो फनी," म्हणते. मी मराठीत विचारतो, "कसा गं चालतो मी?" ती इंग्रजीतच उत्तर देते आणि वर गुडघे उचलून माझी नक्कल करून दाखवते. बायको तिला सामील. मग मी चिडतो. चिडणं हा माझा जुना रोग आहे, त्याला औषध नाही. पण खरं सांगायचं तर नक्कल हुबेहूब असते. मी पाय घासत नाही, उचलून टाकतो. ही चाल माझी नव्हेच. रास अल खैमाच्या डोंगरात एका माणसाची बघून बघून ती माझ्या अंगात शिरली, आणि त्या माणसाकडे ती त्याच्या पणजोबांकडून आली होती.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी दापोलीकडचा, पंचविशीतला, बी.कॉम. होऊन घरी बसलेला. एजंटानं स्टोअरकीपर म्हणून पाठवलं. स्टोअर म्हणजे पाइप, पाने, स्क्रू असलं काहीतरी असेल, अशी माझी समजूत. इथं उतरल्यावर जीपमधून थेट डोंगरात नेलं, दगडाच्या खाणीवर, आणि तारेच्या कुंपणातली एक बुटकी पांढरी खोली दाखवून सांगितलं, हे तुझं स्टोअर. आत सगळा सुरुंगाचा माल.  आईला पत्रात कळवलं, सिमेंटच्या लाइनीत आहे, काळजी करू नकोस. ते अगदीच खोटं नव्हतं, कारण आमचा दगड शेवटी सिमेंटच्या कारखान्यातच जायचा.

त्या खोलीच्या दारात मला काका भेटले. साठीच्या अलीकडचे, काटकुळे, डोक्यावर टोपीऐवजी पंचा. पुण्याच्या बाजूचे. तिकडच्या सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यातून मुदतीआधी निवृत्ती घेऊन इथं आलेले. खाणीत त्यांचं काम सुरुंगाचं. मोठे स्फोट मशीनवरचे लोक करायचे, पण त्यातून हत्तीएवढाले दगड शिल्लक राहायचे. ते गाडीत मावायचे नाहीत. मग पठाण ड्रिलर त्या दगडांना भोकं पाडून द्यायचा आणि काका प्रत्येक भोकात छोटा सुरुंग भरून त्याला वात लावायचे. मी माल मोजून द्यायचा आणि उरलेला मोजून परत घ्यायचा. आमची तिघांची ही साखळी.

पहिल्याच दिवशी काकांनी मला माझ्याच स्टोअरच्या दारात अडवलं.

"बूट काढ."

काढले.

"पट्टा. घड्याळ. किल्ल्या. त्या पेनाला पत्र्याची क्लिप आहे, ते पण ठेव बाहेर. बोटात काय आहे?"

"साखरपुड्याची अंगठी आहे."

"साखरपुडा मोडत नाही. काढ."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अहो, स्टोअरकीपर मी आहे की तुम्ही?"

"तू स्टोअरकीपर आहेस, आणि मी चाळीस वर्षं जिवंत आहे. काढ बघू."

उंबऱ्यावर त्यांनी चुन्याची एक पांढरी रेघ ओढलेली होती. रेघेच्या आत अनवाणी, लोखंड नाही, आणि चालायचं ते पाय उचलून. कंपनीच्या नियमात यातलं निम्मंच होतं. उरलेलं निम्मं काकांच्या पणजोबांचं होतं.

हे पणजोबा मला इतके ऐकवले गेले की शेवटी शेवटी मला ते आमच्याच मेसमध्ये जेवायला येतात असं वाटायचं. दुपारी डबा खायला आम्ही पाण्याच्या टँकरच्या सावलीत बसायचो, काका, पठाण आणि मी. खुबूस म्हणजे इथली अरबी रोटी, वरण, कधी मासा. आणि पणजोबा सुरू. राणीच्या राज्यात ते बारूदच्या कारखान्यात सुतार होते. बारूद भरायची लाकडी पिंपं बनवायची, हे त्यांचं काम. पिंपाला एक खिळा लागू द्यायचा नाही. फळी फळीत बसवायची, वरून वेताचे नाहीतर तांब्याचे पट्टे, आणि ठोकायची हातोडीसुद्धा तांब्याची. लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी, आणि तिथं ठिणगी म्हणजे सगळा खेळ खलास. "खलास" हा शब्द काका हात झटकून म्हणायचे, आणि पठाण पण मान डोलवायचा.

कोळसा कशाचा, तर तुरीच्या काट्यांचा. हलका, लगेच जळणारा. म्हणजे वरणासाठी तूर आणि तोफेसाठी तुरकाट्या, असं काका म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. पणजोबांच्या अंगात बाराबंदी, कारण तिला नाड्या, बटण नाही. खिसा नाही. पानाची चंची घरी ठेवून जायची, कारण चुन्याची डबी धातूची. तंबाखूची तल्लफ आली तर आली. पणजी रोज सकाळी दारात त्यांची कंबर चाचपून बघायची, अडकित्ता राहिला नाही ना म्हणून, आणि शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. आभाळ गडगडायला लागलं की सगळे काम सोडून बाहेर येऊन लांब मैदानात बसायचे, गडगडाट थांबेपर्यंत. आत जाताना पाय धुवायचे, कारण तळव्याला चिकटलेला एक खडासुद्धा घात करतो. आणि पाय घासायचा नाही. जन्मभर असं चालून पणजोबांची चालच तशी झाली. गावात पोरं त्यांना बगळा म्हणायची.

"मग आमचं सगळं घराणंच बगळ्याचं झालं," काका म्हणायचे. "आजा तसा, बाप तसा, मी पण तसाच."

आणि या सगळ्या गोष्टींचा शेवट ठरलेला. काका दोन्ही पंजे पसरून आमच्यापुढे धरायचे. "पणजोबा कारखान्यातून सुटले तेव्हा दारातून आत न येता उभे राहिले आणि पणजीला हात दाखवले. दहा. आज्यानं दाखवले. बापानं दाखवले. आमच्यात पगार किती मिळवला ते कोणी विचारत नाही. दहा बोटं घेऊन घरी आलास का, एवढंच विचारतात. आणि स्वतःच्या पायानं आलास का. आमच्यात अजून कोणाला काढून टाकलेलं नाही."

पणजोबांची ती तांब्याची हातोडी काकांनी इथं आणली होती. सुरुंगाच्या लाकडी पेट्या ते तिनंच उघडायचे. डोकं चेपलेलं, कडा गोल झालेल्या. मी एकदा म्हटलं, "काका, आता कशाला ही? कंपनीनं पितळेची नवीन दिलीय की." त्यांनी वातीचा एक तुकडा माझ्यापुढे कापला आणि आतली काळी भुकटी नखावर घेऊन दाखवली. "ही बघ. बाकी सगळं नवीन निघालं, पण वातीच्या पोटात अजून तीच बारूद आहे. पणजोबांची." मला का कोण जाणे, त्या दिवशी त्या भुकटीची पहिल्यांदा भीती वाटली नाही.

शुक्रवारी सुट्टी. आम्ही दोघं शहरात जायचो, केस कापायला आणि घरी फोन करायला. तीस दिरहमचं कार्ड, म्हणजे तेव्हाचे पावणेतीनशे रुपये, आणि बोलणं किती, तर "कशी आहेस, बरा आहे" एवढंच. वर्ष उलटल्यावर एके शुक्रवारी काका बूथमधून बाहेर आले आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. "लाइन फार खराब आहे रे. तू ऐक आणि मला सांग."

मी ऐकलं. लाइन चांगली स्वच्छ होती. काकू विचारत होत्या, जेवलात का. मी काकांच्या तोंडाजवळ जाऊन ओरडलो, "जेवलात का विचारतायत!" काका म्हणाले, "सांग, जेवलो." पुढच्या शुक्रवारी पुन्हा लाइन खराब. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पण. बाप रे, काय काय ऐकावं लागलं मला! "त्यांना म्हणावं, तळपायाला तेल लावून झोपा." "म्हणावं, तुमच्या खाटेवर मांजर निजतं आता, मी उठवत नाही त्याला." मी लग्न न झालेला पोरगा, त्या नवराबायकोच्या मधे रिसीव्हर धरून उभा, कान लाल झालेले, आणि मागे फोनसाठी रांगेत दहा माणसं. शेवटी काकू हळूच म्हणाल्या, "म्हणावं, करमत नाही." हे मी ओरडून सांगू शकलो नाही. मी काकांचा हात धरला आणि आवाज न काढता नुसतं तोंड हलवून सावकाश म्हणालो, करमत नाही म्हणतायत. आणि काकांना कळलं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस ऐकत नाही, ओठ वाचतो. इतकी वर्षं कानाशेजारी सुरुंग फोडून काका बहिरे झाले होते.

आता इथं थोडं समजावून सांगायला हवं, नाहीतर त्यात एवढं काय, असं वाटेल. दहा दगडांना दहा वाती. एक एक करून पेटवायच्या, आणि पळायचं नाही, चालत आडोशाला यायचं. मग मोजायचं. दहा आवाज झाले तर शिट्टी वाजवायची आणि माणसं पुढे जायची. नऊच झाले तर एक सुरुंग न फुटता दगडात बसलेला आहे. तो फुटेलही, नाहीतर नाही. अशा वेळी अर्धा तास कोणी जागचं हलायचं नाही. म्हणजे सगळ्यांचा जीव त्या मोजणीवर. आणि मोजणारा बहिरा!

सांगावं तर काकांना काढणार. घराण्यातला पहिला काढलेला माणूस. न सांगावं आणि एखादा मेला, तर तो माझ्यामुळे मेला. मी बरेच दिवस नीट जेवलो नाही. काकांवरच चिडायचो, उगाच. "पेटी अशी का ठेवलीत, सही इथं का केलीत." शेवटी मी माझ्या अकलेनं एक तोड काढली. सुरुंग लागायच्या वेळी स्टोअरकीपरचं आडोशाला काय काम? पण मी जाऊन काकांच्या समोर उभा राहायला लागलो. आवाज मी मोजायचो आणि बोटांनी दाखवायचो. काका माझ्या बोटांकडे बघायचे, मान हलवायचे आणि शिट्टी वाजवायचे. याबद्दल आमच्यात एक अक्षर बोलणं झालं नाही. काका त्या वेळी चपला काढून अनवाणी उभे असायचे. ते मला त्यांच्या पणजोबांचंच खूळ वाटायचं, आणि मी तिकडे लक्षही दिलं नाही. मला वाटायचं, मी यांना सांभाळून घेतोय. मनातून जरा ऐटही होती.

असं साताठ महिने चाललं. मग सेफ्टीसाठी नवीन इंजिनियर आला. सुदानी, उंच, तरुण. हा पुण्यात शिकलेला निघाला, त्यामुळे हिंदी फर्मास आणि मराठीचे चार शब्द. "यल्ला, चला" असं जोडून म्हणायचा. माणूस चांगला, पण नियमाला पक्का. पहिल्याच आठवड्यात त्यानं सगळ्यांना जाड तळाचे सेफ्टी शूज दिले. खाणीत कोणी अनवाणी दिसला तर पगार कापणार. काकांनी शूज घातले आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, शूज चावतायत. मोजायच्या वेळी ते हळूच काढून ठेवायचे, इंजिनियरची पाठ वळली की.

त्या दिवशी आम्ही नव्या जागी होतो. दोन कड्यांच्या मधली अरुंद दरी, खाली कडक मुरूम. बारा दगड, बारा सुरुंग. इंजिनियर पहिल्यांदाच बघायला आलेला. काकांनी वाती पेटवल्या, नेहमीसारखे पाय उचलत, न घाई करता आडोशाला आले आणि त्याच्यादेखत शूज काढले.

"काका, शूज!" इंजिनियर मागून म्हणाला.

काका वळले नाहीत.

"काका!" तो मोठ्यानं म्हणाला. अगदी कानामागे. काका समोर जमिनीकडे बघत उभे. इंजिनियरनं माझ्याकडे बघितलं.  तेवढ्यात पहिला सुरुंग फुटला.

मी मोजत होतो. देवाशपथ सांगतो, नीट मोजत होतो. एक, दोन, करत करत बारा. दरीत धूळच धूळ. मी आधी दहा बोटं वर केली, मग दोन. काकांनी बघितलं आणि मान आडवी हलवली. त्यांनी दहा बोटं दाखवली आणि मग एक.

"बारा," इंजिनियर म्हणाला. "मी पण मोजले. बारा. शिट्टी वाजवा, यल्ला."

पठाण म्हणाला, "बारा तो मैंने भी गिना है, साब."

काका शिट्टी मुठीत धरून उभे. "अकरा," म्हणाले.

मग इंजिनियर त्यांच्या पाठीमागे गेला आणि दोन टाळ्या वाजवल्या. जोरात. काकांची पापणी हलली नाही. तो माझ्याकडे आला आणि अगदी शांतपणे विचारलं, "यांना ऐकू येतं का? खरं सांग."

मला आजही ते क्षण जसेच्या तसे आठवतात. समोर काका, माझ्या तोंडाकडे बघतायत. माझे ओठ वाचतायत. आणि मी काय केलं? माझ्या कानांनी बारा ऐकले होते. तीन माणसांनी बारा ऐकले होते. मला वाटलं, संपलं, आता हा म्हातारा खरंच चुकायला लागला. आज अकरा म्हणतोय, उद्या अकराचे बारा म्हणेल आणि कोणाचा तरी जीव घेईल.

"नाही सर," मी म्हणालो. "ऐकू येत नाही. वर्षापासून."

 काकांनी शिट्टीची दोरी गळ्यात अडकवली, दरीकडे जाणाऱ्या वाटेच्या मधोमध गेले आणि पाठ दगडांकडे करून उकिडवे बसले. दोन्ही तळवे आणि दोन्ही तळपाय जमिनीला लावून. "अर्धा तास," म्हणाले.

मी भडकलो. लाज वाटली की मला राग येतो, हे मला आता कळतं, तेव्हा कळत नव्हतं. "अहो काका, सगळ्यांनी मोजलेत ना! हट्ट कसला करताय! उठा!" ते वर बघेनातच, तर ओठ कसले वाचणार. लोडरचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. इंजिनियरनं घड्याळ बघितलं, आणि त्यांना वळसा घालून पुढे निघाला. काकांनी बसल्या बसल्या त्याची पँट पकडली. गुडघ्याखाली, गच्च. एवढा मोठा साहेब, आणि त्याच्या पायाला हा काटकुळा म्हातारा लटकलेला. एका झटक्यात सुटला असता तो.

पठाण उठला, आणि जाऊन काकांच्या शेजारी बसला. "तुम्हीच म्हणालात ना बारा?" मी ओरडलो. तो म्हणाला, "बारा ही गिना. लेकिन उस्ताद बैठा है, तो मैं भी बैठेगा."

इंजिनियरनं एक उसासा सोडला. मग म्हणाला, मराठीत, "ओके. बसू या." आणि तिथंच दगडावर टेकला. मी एकटाच उभा राहिलो, तणतणत. शिट्टी झाली की पहिला पुढे जाणारा माणूस मी असायचो, दगडांत काही माल न फुटता राहिलाय का ते बघायला.

किती वेळ झाला सांगता येत नाही. चहा पिऊन होईल एवढा असेल. आणि दरीत धाडकन आवाज झाला. दगडाचे तुकडे उडाले, त्यातला नारळाएवढा एक वाटेवर येऊन पडला, आमच्यापासून वीसेक पावलांवर. मी खाली कधी बसलो मला कळलं नाही.

काकांची पाठ तिकडेच होती. त्यांनी तळहात जमिनीवरून उचलला, झटकला आणि म्हणाले, "बारा."

 मग काकांनीच सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. "हा डोंगर बोलका आहे. दरीच्या तोंडाशी जो दगड होता ना, त्याचा आवाज समोरच्या कड्यावर आपटून तसाच्या तसा परत आला. तुम्ही तो पण मोजलात. आवाज दोनदा येतो. जमीन एकदाच हलते." पणजोबांच्या वेळेपासून त्यांच्या घरात हे माहीत होतं. कारखान्यात कुठं दूरवर काही झालं तर अनवाणी माणसाला ते आधी तळपायात कळतं. कान गेल्यावर काकांनी तेच वापरलं. दोन वर्षं ते पायांनी मोजत होते. माझ्या बोटांनी नाही.

इंजिनियरनं त्यांचे शूज उचलले, आतली माती झटकली आणि त्यांच्या पायाशी आणून ठेवले. 

दुसऱ्या दिवशी काका स्टोअरमध्ये आले, रेघेबाहेर शूज काढून. मला माफी मागायची होती, पण बहिऱ्या माणसाची माफी मागायची म्हणजे ओरडायचं की काय? आणि तोंड वर करून त्यांना ओठ दाखवायची माझी छाती होईना. मी माल द्यायच्या चिठ्ठीवर लिहिलं, "काका, चुकलो." आणि पुढे सरकवली. त्यांनी चष्मा लावून वाचली.

"कशात चुकलास?"

मी चिठ्ठी परत घ्यायला हात पुढे केला.

"मोजण्यात चुकलास," ते म्हणाले. "सांगण्यात नाही. ते तू वर्षभर आधी सांगायला हवं होतंस. मी पण." मग पेटीवर बसले. "काल खाली मुरूम होता म्हणून कळलं. उद्या वाळू असेल. वाळू काही सांगत नाही रे. मी साहेबाला सांगून आलो, मीच जातो."

"त्यांनी काढलं?" मी तोंड वर करून विचारलं.

"छे! तो थांबा म्हणत होता, स्टोअरमध्ये बसा म्हणाला. मी म्हटलं, स्टोअरमध्ये तो चिडका बसतो, तिथं दोघं मावणार नाहीत."

मी हसलो आणि रडलो पण. खोटं कशाला बोलू, चांगला हुंदके देऊन रडलो. "मग माझी बोटं कशाला बघायचात?" मी विचारलं. "मान कशाला हलवायचात?"

"तू नीट मोजायला शिकतोयस का बघायला," काका म्हणाले. "चांगला चालला होतास. एकदाच चुकलास."

पुढच्या शुक्रवारी आम्ही फोनवर गेलो. या वेळी काका "लाइन खराब आहे" म्हणाले नाहीत. म्हणाले, "तिला सांग, मला ऐकू येत नाही. आणि मी येतोय." हे सांगायला मला किती जड गेलं म्हणून सांगू! मी काकूंना आडून आडून सांगायला लागलो, तर त्या मधेच म्हणाल्या, "अरे, मला माहीत आहे. दोन वर्षं झाली. मी जेवण विचारावं तर ते पावसाचं सांगायचे. तू बोलायला लागलास तेव्हा मला बरं वाटलं, म्हटलं, चला, कोणीतरी आहे त्यांच्याजवळ. त्यांना म्हणावं, या घरी. मी हळू बोलेन, तोंडासमोर." मी ते सगळं शब्दन् शब्द सांगितलं, सावकाश. काका तिथल्या तिथे बूथला टेकून उभे राहिले आणि पंच्यानं तोंड पुसलं.

जायच्या आदल्या दिवशी मी त्यांची बॅग भरायला मदत केली. बदाम, टँग, काकूंसाठी दोन साड्या. तांब्याची हातोडी बाजेवर होती. मनात म्हटलं, आता ही मला देणार. मी हात पण पुढे केला. काकांनी ती उचलली, साडीत गुंडाळली आणि बॅगेत तळाशी ठेवली. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला कंपनीनं पितळेची दिलीय की." असा माणूस!

विमानतळावर त्यांना सोडायला मी आणि पठाण गेलो. इंजिनियरनं जीप दिली होती. आत फक्त प्रवाशांना सोडत होते, आम्ही काचेबाहेर. काका सामानाची गाडी ढकलत निघाले, त्या गुळगुळीत फरशीवरसुद्धा पाय उचलून टाकत. मी हाक मारली. मारली आणि लक्षात आलं, कोणाला हाक मारतोय मी! पठाण पण "उस्ताद!" म्हणून ओरडला. आजूबाजूची माणसं वळली, काका नाही. ते तसेच लांब लांब जायला लागले. मला वाटलं, गेले आता, वळून बघणार नाहीत. मी रागानं काचेवर हात आपटला. काच थरथरली असेल, नाहीतर फरशी असेल, मला माहीत नाही.

काका थांबले. वळले. गाडी सोडून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि पंजे पसरले. दहा.

मी काचेला लावलेला हात बघितला. मग दुसराही वर केला. माझी पण दहाच्या दहा होती.